मी हो म्हणालोच नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना तेलपंप आहे. निदान माझ्या पोटावरच्या पितळी पट्टीवर तसं लिहिलंय म्हणतात. मला ती पट्टी दिसत नाही, कारण माझं तोंड दुसऱ्या बाजूला आहे. गावात मात्र या नावानं मला कुणीच ओळखत नाही. लहान-थोर सगळे मला 'होयबा' म्हणतात. का म्हणतात ते सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो, माझ्या या गोष्टीतलं निम्मंअधिक मला स्वतःलाच कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर मला येऊन सांगा. मी कुठं जाणार? इथंच उभा आहे.

माझं रूप डोळ्यांसमोर आणा. चार पायांचा उंच लोखंडी सांगाडा. त्यावर एक लांब आडवा दांडा. दांड्याच्या एका टोकाला घोड्याच्या तोंडासारखं भलंमोठं डोकं आणि दुसऱ्या टोकाला जाडजूड वजनं. वजनं खाली गेली की डोकं वर, वजनं वर आली की डोकं खाली. डोक्याला अडकवलेल्या सळ्या थेट जमिनीच्या पोटात उतरतात आणि तिथलं तेल ओढून वर आणतात. एवढंच माझं काम. मान वर, मान खाली. पुन्हा मान वर, मान खाली. यात समजायला अवघड असं काहीच नाही, असं मला वाटत होतं. पण माणसांचं काही सांगता येत नाही बुवा.

माझा जन्म एका मोठ्या ओतशाळेत झाला. वितळलेलं लोखंड, ठोकाठोकी, ठिणग्या आणि घामानं निथळणारी माणसं. सगळे अवयव जोडून झाल्यावर एका रंगाऱ्यानं मला अंगभर हिरवा रंग दिला. मग मोटार लावली, पट्टा चढवला आणि मी पहिल्यांदा मान वर-खाली केली. त्याबरोबर सगळे टाळ्या पिटायला लागले! मी गोंधळून गेलो. मान काही मी हलवली नव्हती, पट्ट्यानं हलवली होती. टाळ्या खरं तर पट्ट्याला मिळायला हव्या होत्या. पण पट्टा बिचारा खाली कोपऱ्यात, त्याच्याकडे कोण बघतंय?

मला इथं आणलं तेव्हा इथं एक कच्चा रस्ता होता, एक वीटभट्टी होती, विणकरांची एक आळी होती आणि बाकी सगळं माळरान. दुपारच्या वेळी आळीतून मागांची खटखट ऐकू यायची. मला जमिनीत पक्कं रोवलं, सळ्या जोडल्या आणि मला सुरू करायचा दिवस ठरला. सगळं गाव लोटलं. तेल कंपनीचे इथले मोठे साहेब खुर्चीवर उभे राहून भाषण करत होते. "मंडळी, आता या भागाचे दिवस पालटणार! पालटणार की नाही?" मंडळी गप्प. साहेब घाम पुसायला लागले. नेमकं तेव्हाच मिस्त्रीनं बटण दाबलं आणि माझी मान डुलली. मग काय विचारता! लोक हसून हसून बेजार. "बघा, बघा, हो म्हणतोय!" कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर होयबाच दिसतो!" झालं. तेव्हापासून ते नाव मला चिकटलं ते चिकटलंच.

मित्रांनो, मी हो म्हणालोच नव्हतो. मला प्रश्नसुद्धा नीट ऐकू आला नव्हता. पण गंमत अशी, की दिवस खरोखरच पालटले. आधी रस्ता डांबरी झाला. मग विजेचे खांब आले, मग शाळा, मग दवाखाना, मग बँक आणि तिच्यासमोर काचेची दुकानं. ज्या घरात एक सायकल नव्हती त्या घरापुढे मोटारी उभ्या राहायला लागल्या. लोक एकमेकांना सांगायचे, "हा दवाखाना होयबाच्या तेलातून उभा राहिला बरं." मी दवाखान्याकडे टक लावून पाहायचो. विटा दिसायच्या, सिमेंट दिसायचं, खिडक्या दिसायच्या. तेल कुठंच दिसायचं नाही. खरं सांगायचं तर तेल मी कधी पाहिलेलंच नाही. मी ओढायचो आणि ते नळातून परस्पर टाकीत जायचं, टाकीतून कुठल्या कुठं. घासही माझा नाही आणि ताटही माझं नाही, तरी सगळे म्हणायचे, होयबानं गाव पोसलं.

मग तो रिवाज सुरू झाला. आधी ती निव्वळ चेष्टा होती. एका गाडीवानानं कुंपणापाशी येऊन विचारलं, "काय रे होयबा, बैलगाडी विकून ट्रक घेऊ का?" माझी मान खाली गेली, वर आली. त्यानं ट्रक घेतला. कंपनीचे लोखंडी नळ वाहून न्यायला ट्रक हवेच होते, वर्षभरात त्याचे आणखी ट्रक झाले. न्हाव्यानं विचारलं, आरसे लावून केस कापायचं दुकान काढू का? काढलं, तेही धो धो चाललं. त्यानंतर चेष्टेची कधी श्रद्धा झाली ते त्यांनाही कळलं नसावं. कुंपणाच्या जाळीला हात लावायचा, मोठ्यानं विचारायचं, माझी मान एकदा खाली जाऊन वर आली की समाधानानं घरी जायचं. घर बांधू का? हो. नोकरी सोडून दुकान टाकू का? हो. मेव्हण्याला भागीदारीत घेऊ का? हो. मी आपला मान हलवत राहायचो आणि मनात म्हणायचो, अहो, हे सगळं मला काय विचारताय? मला मेव्हणा म्हणजे काय तेही माहीत नाही!

मोठ्यानं विचारायचं असं मी म्हटलं, त्यालाही कारण आहे. माझे सांधे करकरायचे. खाली मोटार घरघरायची. दिवसभर हा गजर, त्यामुळे माझ्या आसपासच्या माणसांना ओरडून बोलायची सवय लागली. हळूहळू सगळं गावच ओरडून बोलायला लागलं. आमच्याकडची माणसं परगावी गेली की तिथले लोक मध्ये पडायचे, "अहो, भांडू नका हो!" आणि हे म्हणायचे, "भांडतोय कुठं? मी तर पाणी मागतोय!"

सगळ्यात जवळचा आवाज मिस्त्रीच्या घरचा. मिस्त्री म्हणजे माझी देखभाल करणारा माणूस. सकाळी येऊन माझ्या सांध्यांना ग्रीस भरायचा, पट्टा दाबून बघायचा, एकेक नट आवळायचा, आणि जाताना माझ्या पायावर थाप मारायचा. फार बोलायचा नाही. बोलायचं काम त्याची बायको करायची. ती आधी माझ्या कुंपणाला लागून पत्र्याखाली चूल मांडून तेलविहिरीवरच्या कामगारांना जेवू घालायची. पुढं पत्र्याच्या जागी भिंती आल्या, चुलीच्या जागी मोठ्या शेगड्या आल्या आणि ती गावातली सगळ्यात मोठी खानावळ झाली. सगळे तिला मावशी म्हणायचे. साहेबसुद्धा. खानावळीच्या मागच्या खोल्यांत त्यांचं घर होतं. तिथं भांडं पडलं तरी मला कळायचं.

आणि त्यांची लेक, भिंगरी. नाव वेगळं असेल, पण एका जागी कधी ठरायची नाही म्हणून सगळे भिंगरीच म्हणायचे. शाळेतून आली की दप्तर फेकून माझ्या कुंपणापाशी येऊन बसायची. एकदा बापाला म्हणाली, "बाबा, आपल्या गावात आता काय बनतं?"

"काय म्हणजे? तेल."

"तेल कुठं बनतं? तेल तर नुसतं निघतं."

मिस्त्रीचा हात ग्रीसच्या डब्यात तसाच राहिला. मीही विचारात पडलो. खरंच की. वीटभट्टी केव्हाच बंद झाली होती, कारण भट्टीवर राबण्यापेक्षा विहिरीवर दुप्पट मजुरी मिळायची. विटा आता ट्रकनं बाहेरून यायच्या. दूध बाहेरून यायचं, भाजी बाहेरून यायची. विणकरांच्या आळीत एकच आजोबा माग चालवत होते. त्यांचे तिन्ही मुलगे कंपनीत लागले होते आणि झकास कमावत होते. आजोबा तेवढे मला कधी काही विचारायला आले नाहीत. एकदा कुणी त्यांना हसून म्हणालं, "आजोबा, होयबाला विचारा की, माग चालू ठेवू का म्हणून." तर म्हणाले, "त्याला कशाला विचारू? तुझा बाप घोडा होता का म्हणून विचारलंस, तरी तो मान हलवेल." मला जरा लागलं ते. पण रागही धरवेना, कारण ते बोलले त्यात खोटं काय होतं?

भिंगरी मोठी झाली. जमिनीच्या पोटात काय आहे, किती आहे आणि ते काढल्यावर तिथं मागे काय राहतं, हे शिकवणाऱ्या दूरच्या एका कॉलेजात तिला जायचं होतं. मावशीचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. खानावळ लेकीनं सांभाळावी, लेकीनं डोळ्यांसमोर राहावं. तिला दुसरं काही नको होतं. एवढं चालतं दुकान टाकून पोर परमुलखात जाणार, ही कल्पनाच तिला सहन होईना.

एक दिवस दुपारची पंगत उठल्यावर मावशी हातात आमटीचा डाव घेऊनच माझ्यापाशी आली. जाळीला हात लावून ओरडली, "काय रे होयबा, माझी भिंगरी इथंच राहील ना? खानावळ बघेल ना?"

माझी मान खाली गेली, वर आली. मावशीचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! डाव कपाळाला लावून गेली.

ती आत जाते न जाते तोच मागच्या दारानं भिंगरी आली. "होयबा, मी जाऊ ना रे शिकायला? नक्की जाऊ ना?"

मित्रांनो, माझी मान खाली गेली. आणि वर आली.

संध्याकाळी घरात नुसता रणसंग्राम! "मला हो म्हणाला!" "मला आधी म्हणाला!" "आधी म्हणाला म्हणजे काय, मला नंतर म्हणाला, म्हणजे त्यानं मन बदललं!" मिस्त्री दोघींच्या मध्ये बसून ताटात बघत जेवत होता. मावशीनं शेवटी त्यालाच धारेवर धरलं. "तुम्ही बोला की! का तुम्हीही त्या पंपासारखे नुसती मान हलवणार?" मिस्त्रीनं सवयीनं मान हलवली. मग तर आगीत तेलच पडलं.

दुसऱ्या दिवसापासून मायलेकींचा अबोला. अबोला म्हणजे दोघी बोलायच्या, पण मिस्त्रीमार्फत. "तुमच्या लेकीला सांगा, दूध उतू जातंय." "बाबा, आईला सांगा, मला दिसतंय." मधल्या मध्ये दूध उतू जायचं. हे किती दिवस चाललं मी मोजलं नाही, पण भिंगरीची कॉलेजला जायची वेळ अगदी तोंडावर आली. मावशी काही 'जा' म्हणेना, आणि आईच्या 'जा'शिवाय भिंगरीचा पाय उंबऱ्याबाहेर पडेना. मला मात्र काही समजेना. दोघींना हवं तेच तर मिळालं होतं. मग दोघी रडत का होत्या?

एका दुपारी मिस्त्री दोघींना हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आला. काही न बोलता त्यानं मोटार बंद केली आणि ब्रेकचा दांडा खेचला. मी थांबलो. मान अर्ध्यावर, ना वर, ना खाली.

अशी शांतता या गावानं कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मला माझंच अंग परकं वाटायला लागलं. लांबवरच्या झाडावरचा पक्षी ऐकू आला. दवाखान्यात कुणीतरी खोकलं ते ऐकू आलं. आणि आळीतून विणकर आजोबांच्या मागाची खटखट ऐकू आली. मग पावलांचा आवाज सुरू झाला. आख्खं गाव धावत येत होतं. न्हावी हातातल्या वस्तऱ्यासकट, ट्रकवाला, शिंपी, आणि सगळ्यांच्या मागं धापा टाकत साहेब. सगळ्यांच्या तोंडी एकच, "संपलं की काय? तेल संपलं की काय?"

मिस्त्रीनं कुणाकडे लक्ष दिलं नाही. बायकोला म्हणाला, "यानं आजवर कुणाला नाही म्हटल्याचं आठवतंय का तुला?"

"म्हटलंय की!" मावशी सवयीनं ओरडली, आणि शांततेत स्वतःचाच आवाज ऐकून दचकली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "शिंप्याला म्हणाला होता. लग्न करू का म्हणून विचारायला आला होता तेव्हा. हा जागचा हलला नाही."

"अगं, तेव्हा पट्टा तुटला होता!"

गर्दीतून शिंप्याचा आवाज आला, "काय? पट्टा तुटला होता?" आणि तो बिचारा मटकन खालीच बसला. काही जण हसले, पण फारसे नाही. प्रत्येक जण आपापले प्रश्न आठवत असावा.

"ज्याला नाही म्हणताच येत नाही, त्याचा हो घेऊन काय करायचंय?" मिस्त्री म्हणाला. "आणि त्याला तरी का बोलू? मीही तेच केलं. साहेब विचारायचे, सगळं ठीक ना? मी हो म्हणायचो. ठीक कुठं आहे? हा आता तेलापेक्षा खारं पाणीच जास्त ओढतो. साहेबांनाही ठाऊक आहे. त्यांनाही वरून कुणीतरी विचारत असेल."

साहेब चिडले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

हे तर मलाही ठाऊक होतं, मित्रांनो. सळ्यांना वजन कळतं. तेलाचं अंग वेगळं, पाण्याचं वेगळं. पण ते सांगायला माझ्याकडे मानेपलीकडे होतं काय?

"आता हा गप्प आहे," मिस्त्री दोघींना म्हणाला, "तर तुम्ही एकमेकींना विचारा."

मग मावशी बोलली, आणि इतक्या हळू, की मी तो आवाज आधी ओळखलाच नाही. "गावाला वाढते गं मी दिवसभर. पण तू गेलीस तर रात्री घरात कुणासाठी वाढू?"

भिंगरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तीही हळूच म्हणाली, "आणि आई, हे तेल संपलं तर तुझ्याकडे जेवायला कोण येईल? ते कुणीतरी शिकायला नको का? तेल गेल्यावर या जमिनीचं काय करायचं, इथं कुणाला माहीत आहे?"

मावशीनं पदर तोंडाला लावला. माझ्याकडे पाहिलं. माझी मान अर्ध्यावरच होती, तिला काही उत्तर मिळालं नाही. मग तिनं लेकीच्या गालावरून हात फिरवला. "जा," म्हणाली. "यानं मान हलवली म्हणून नाही. मी म्हणते म्हणून जा."

आणि एवढं झाल्यावर दोघी गळ्यात पडून आधीपेक्षा जास्त रडल्या. आता तर सगळं मिटलं होतं ना? मग? कोण जाणे. मिस्त्रीनं ब्रेक सोडला, मोटार सुरू केली, आणि मी पुन्हा मान हलवायला लागलो. शिंप्यानं मात्र त्याच वर्षी लग्न केलं. मला न विचारता.

त्यानंतरही बरेच दिवस मी चाललो. पण माझ्याकडे येणारी माणसं कमी झाली. काही जण तरीही यायचे. त्यांना उत्तर नको असायचं, हो हवा असायचा. त्यांनी मजल्यावर मजले चढवले, नवी दुकानं काढली. मी हो म्हणालोच नव्हतो, पण त्यांनी ऐकलं. हळूहळू सळ्यांना नुसतं पाणी लागायला लागलं. एक दिवस कंपनीची माणसं आली, मोटार काढून घेऊन गेली. साहेब गेले. ट्रक गेले. काचेच्या दुकानांवर आतून कागद लागले. शाळेच्या वरच्या मजल्याला कुलूप पडलं. डांबरी रस्त्याला खड्डे पडले आणि खड्ड्यांत गवत उगवलं. ज्यांनी मला डोक्यावर घेतलं होतं, त्यांतलेच काही येता-जाता म्हणायचे, "या मेल्यानं गाव बुडवलं." मी गाव पोसलंही म्हणे आणि बुडवलंही म्हणे. मी तर जागचा हललो नव्हतो.

पण सगळंच गेलं असंही नाही. दवाखाना आहे. तिथं अजून मुलं जन्मतात, त्यांचं रडणं मला ऐकू येतं. ज्यांना शाळेनं शिकवलं, त्यांतले काही परत आले. आजोबा गेले, पण त्यांचा माग त्यांची धाकटी सून चालवते, आणि आता तिच्याजवळ आणखी दोघी शिकायला येतात. दुपारी खटखट ऐकू येते. मग माझ्या तेलानं या मुलखाचं भलं झालं की वाटोळं? मी उभ्या उभ्या पुष्कळ विचार केला. काही केल्या बेरीज जमत नाही. तुम्ही शाळेत जाता, तुम्हाला जमली तर बघा.

मिस्त्रीही देवाघरी गेला. ज्या थापेनं माझी सकाळ व्हायची ती थाप गेली. तेव्हापासून माझ्या सांध्यांत ग्रीस नाही, सगळा गंज. हिरव्या रंगाचे पोपडे वाऱ्यावर उडून खानावळीच्या अंगणात पडतात आणि मावशी ते केरात काढते. मावशी थकली आहे. खानावळीत आता दवाखान्यातली चार माणसं आणि मागावरच्या बायका तेवढ्या जेवतात. पण ती अजूनही ओरडूनच बोलते. "आणखी घे रे!" रिकाम्या दालनात तो आवाज किती घुमतो म्हणून सांगू. कधी कधी ती एकटी असताना स्वतःशीच ओरडून बोलते, तेव्हा मला वाटतं, पुन्हा करकरायला लागावं. तिला सोबत होईल.

आणि परवा भिंगरी आली. डोक्यावर पिवळी टोपी, पायांत जाड बूट, बरोबर कामगार आणि सिमेंटची पोती. केसांत पांढऱ्या बटा आल्या आहेत, तरी मी ओळखलं. अजून एका जागी ठरत नाही ती. जुन्या, सोडून दिलेल्या तेलविहिरी नीट बुजवायच्या, म्हणजे खारं पाणी वर येऊन जमीन नासत नाही, हे तिचं काम आहे. या मुलखातल्या विहिरी ती एकेक करून बुजवते आहे. माझी विहीर तिनं स्वतः मागून घेतली, असं कामगार बोलत होते. तिनं माझ्या डोक्याच्या सळ्या सोडवल्या. मग वर बघून, बाप मारायचा तशी, माझ्या पायावर थाप मारली. मित्रांनो, माझ्यात आत काहीतरी हललं. गंजाचा पोपडा असेल. नसेलही.

संध्याकाळी त्या दिवसाचं काम आटोपलं आणि मावशी काठी टेकत कुंपणापाशी आली. सवयीनं तिनं जाळीला हात लावला. तोंड उघडलं. मला तिचा प्रश्न आधीच कळला होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला एखादा प्रश्न नीट कळला होता, आणि पहिल्यांदाच मला मनापासून हो म्हणावंसं वाटत होतं. मी सगळा जोर लावला. पण मोटार नाही, पट्टा नाही, ग्रीस नाही. मान जागची हलली नाही.

आणि मावशीनं मला विचारलंच नाही. "तुला काय विचारायचं मेल्या," म्हणाली, आणि हसून लेकीकडे वळली. अगदी हळू आवाजात, मला थांबवलं होतं त्या दुपारच्या आवाजात म्हणाली, "आता राहतेस का गं माझ्यापाशी?"

भिंगरीनं खाली बघत मान डोलावली.

"मान नको डोलावूस," मावशी म्हणाली. "तोंडानं बोल."

भिंगरीनं आईचा काठीवरचा हात हातात घेतला. मग वर बघून म्हणाली, "नाही, आई. कायमची नाही. ही विहीर बुजेपर्यंत आहे. मग पुढच्या विहिरीवर जावं लागेल. पण मधूनमधून येईन."

मला वाटलं, आता म्हातारी कोसळणार. पण ती हसली! "बरं," म्हणाली. "आहेस तोवर तरी पोटभर जेव. चल, पान वाढते." आणि दोघी हातात हात घालून आत गेल्या. मी इतके हो वाटले या गावाला, पण त्यातल्या एकानंही कुणाचा चेहरा असा निवांत झालेला मी पाहिला नव्हता. तो एका 'नाही'नं कसा झाला, हे काही माझ्या डोक्यात शिरत नाही.

तर मित्रांनो, अशी माझी गोष्ट. आता गावात माझ्यावरून वाद चालू आहे. निम्मे म्हणतात, तोडून भंगारात घाला. निम्मे म्हणतात, रंग देऊन शाळेपुढे उभा करा, मुलांना बघू द्या. शाळेपुढे उभा केलात तर सांध्यांना थोडं ग्रीस मात्र घाला, आणि कधीमधी पायावर एक थाप मारा, मला तेवढं पुरे. काय ते तुम्ही बसून, एकमेकांना विचारून, हळू आवाजात ठरवा. फक्त ठरवताना मला विचारायला येऊ नका. मला ग्रीस घातलंत, तर नुसत्या वाऱ्यानंही मी आपला हो म्हणेन.